शिवेपर्यंतची वेठ

हिर्डोशीच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून नदी ओलांडली की समोरच्या चढावर आमची धामणवाडी. त्या चढाच्या पायथ्याशी, जिथं खालच्या गावाची हद्द संपते आणि आमची लागते, तिथं हल्ली एक काळा दगड उभा केला आहे. दगडाला पाटी आहे. वेठ नाकारून राजसत्ता हलवणारी घरं, असं वर लिहून खाली बावीस घरांची नावं कोरली आहेत. त्या वेळी वाडीत तेवीस घरं होती. तेविसावं आमचं. पाटी बसवली त्या दिवशी मलाही बोलावणं होतं, कारण भोरला माझी भाताची गिरणी आहे, आणि मांडव, जेवण, लाऊडस्पीकर या गोष्टी कुणाकडून तरी याव्याच लागतात. मी गेले, पाटी वाचली आणि न जेवता परत आले. पुढचे तीन दिवस गिरणीवर कुणी माझ्यासमोर उभं राहिलं नाही. माझा राग सगळ्या तालुक्याला माहीत आहे. या रागाचं कारण मात्र कुणाला नीट माहीत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर वाडीच्या वरच्या टोकाला होतं. कारवीचे कूड, त्यांना शेणमातीचा गिलावा, वर गवताचं छप्पर. दार एकच. आत शिरलं की उजव्या हाताला म्हैस आणि दोन बैल, डाव्या हाताला आम्ही, मध्ये कमरेइतकी भिंत. म्हैस रवंथ करायला लागली की तिचा उबदार आंबूस वास चुलीपर्यंत यायचा. तो म्हशीचा वास आहे हे मला फार उशिरा कळलं, तोवर मी तो घराचा वास समजत होते. पहाटे आई नाचणी दळायला बसायची. तिला दम लागायचा, त्यामुळं ती मध्येच थांबायची, आणि जात्याची घरघर थांबली की मला जाग यायची. आवाज चालू असेपर्यंत मी गाढ झोपलेली असे. मग उठून जात्याच्या खुंट्याला हात लावायचा आणि डोळे मिटूनच उरलेलं दळण संपवायचं. खायला नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पातळ पिठलं, कधी घाट चढून महाडकडून आलेली सुकट. भात आम्ही पिकवायचो, पण तो सणाला शिजायचा, एरवी वरईवर भागवायचं. आज माझ्या गिरणीतून ट्रकच्या ट्रक तांदूळ बाहेर पडतो, आणि मला दोन्ही वेळेला भाकरीच लागते. डॉक्टर म्हणतात, प्रकृतीला चांगलं आहे. प्रकृतीसाठी तेव्हा कोण खात होतं?

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, बोलायला कमी आणि हट्टाला जास्त. त्यांचा हट्ट माझ्यात आला, कमी बोलणं आलं नाही. माझ्यामागं दोन भाऊ झाले, पण राहिले नाहीत. घरात शिकवायला मुलगा नाही म्हणून आबांनी मला भोर संस्थानच्या शाळेत घातलं आणि तीन इयत्ता होईपर्यंत काढलं नाही. वाडीतले लोक म्हणायचे, इठू पोरीला मामलेदारीण करणार. बाकीचं शिक्षण हिरड्यावर झालं. मोसमात आम्ही रानातून हिरडा गोळा करून आणायचो आणि व्यापारी मीठ देऊन तो मापानं घ्यायचा. माप भरलं की तो ते दोनदा हलवायचा. हिरडा खाली बसायचा आणि वर आणखी ओंजळभर मावायचा. दहा वर्षांची असताना मी त्याला म्हटलं, "हलवायचं तर दोघं हलवू. एकडाव तुमी, एकडाव म्या. तुमचं मीठ मोजताना." तो हसला, पण त्याला पुढच्या वाडीला जायची घाई होती, आणि त्या दिवशी माप एकदाच हललं. समोरच्याला ज्याची घाई असते तीच त्याची दुखरी जागा, हे मला तेव्हा कळलं, आणि पुढच्या आयुष्यात मी त्याहून वेगळं फारसं काही शिकले नाही.

वेठ म्हणजे काय ते आता समजावून सांगावं लागतं. अंमलदार फिरतीवर निघाले की त्यांचे तंबू, खाटा, पेट्या, भांडी गावांनी वाहून न्यायची. मजुरी नाही. एका गावानं आपल्या शिवेपर्यंत न्यायचं आणि तिथं ठेवायचं, पुढच्या गावानं तिथून उचलायचं. शिवेच्या पलीकडं पाऊल टाकायचं नाही, कारण एकदा टाकलं की पायंडा पडतो आणि पुढच्या वर्षी तेवढी वाट आपल्याच डोक्यावर येते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अंमलदारांना ठाऊक नव्हतं. ते घोड्यावरून पुढं गेलेले असत आणि संध्याकाळी मुक्कामाला सामान आलेलं असे. ते कुणाच्या डोक्यावरून, कुठं कुठं उतरत आलं, हे पाहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचं. आबांच्या पायाला नारू होऊन गेला होता आणि चढावर तो पाय दगा द्यायचा, म्हणून बाराव्या वर्षापासून आमच्या घरचं माणूस मी होते. माझ्या वाट्याला बहुतेक वेळा आंघोळीचं तांब्याचं घंगाळ यायचं. ते पालथं घातलं की डोक्यावर नीट बसायचं आणि आत सावली असायची. वाटेत कुणी हाक मारली तर मात्र आत असं घुमायचं की कुणी बोलावलं ते कळायचं नाही.

मी सोळा वर्षांची असताना संक्रांतीच्या सुमाराला मला हिवतापानं धरलं आणि नेमकी फिरती आली. आबा शिवेवर गेले आणि म्हणाले, "पोर तापानं फणफणलीया, माजा पाय ह्यो असा. औंदा आमच्या घरचं वझं ऱ्हाऊ द्या." शिपाई म्हणाला, बायकोला पाठव. आबांनी समोरची खाट उचलल्यासारखी केली आणि परत खाली ठेवली. "मंग सायबानं एक रात भुईवर निजावं," ते म्हणाले. "आमी निजतोच की." एवढंच. त्यासाठी त्यांना बेअदबीच्या नावाखाली भोरला नेऊन कोठडीत टाकलं. माफी लिहिलेल्या कागदावर अंगठा दे आणि घरी जा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी दिला नाही. बाजाराला गेलेल्या माणसाबरोबर त्यांचा निरोप आला, की म्या खोटं काय बोललो ते सांगा, मंग देतो. वाडीतून त्यांच्यासाठी कुणी भोरला गेलं नाही. वाडीत वयानं मोठे धोंडूतात्या. ते आमच्या दारात येऊन आईला म्हणाले, "राजासंगं भांडून कुणाचं भलं झालंय?" आईनं त्यांना पाणी दिलं. मी दिलं नसतं.

दोन महिन्यांत वारं फिरलं. होळी झाल्यावर भोरहून एक वकील आले. गोरे, किडकिडीत, खादीचा सदरा, पायांत वहाणा. चढ चढून त्यांना धाप लागली होती. भैरोबाच्या देवळापुढं सगळी वाडी जमली. शहरात प्रजेची परिषद निघाली आहे, राजेसाहेबांनी कारभार लोकांच्या हाती द्यावा अशी मागणी आहे, हे त्यांनी समजावून सांगितलं. त्यातलं निम्मं आम्हाला कळलं नाही. मग ते म्हणाले की आजपासून कुणी वेठीचं ओझं उचलू नये, मारलं तरी नाही आणि मजुरी देऊ केली तरी नाही. हे सगळ्यांना कळलं. वरच्या गावानं परवाच तशी शपथ घेतली होती. आमच्याकडे शपथ म्हणजे भैरोबापुढचा बेल आणि भंडारा उचलायचा. तो एकदा हातात घेतला की शब्द मोडता येत नाही. घरटी एकेक बाप्या पुढं होऊन उचलू लागला. बावीस झाले. मग मी पुढं झाले.

"तू कुठं?" धोंडूतात्या म्हणाले.

"आमच्या घरचं म्या उचलते. आबा कोठडीत हायती."

"बाईमानूस भंडारा उचलत न्हाई, भागे. रीत हाय."

"वेठीचं घंगाळ उचलती तवा म्या बाईमानूस नसती व्हय?"

कुणीतरी हसलं. मी वकिलांकडे पाहिलं. सगळी माणसं एक आहेत असं ते आत्ताच बोलले होते. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "हे पाहा, गावाच्या रूढीत मी पडणं बरं नव्हे. हिचे वडील सुटून आले की घेतील." अशा रीतीनं सगळी वाडी बांधली गेली आणि एक आमचं घर मोकळं राहिलं. हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मी शपथ मोडली नाही. मला ती घेऊ दिली नव्हती.

चैत्र संपत आला. आमच्याकडे हे दिवस राबाचे. झाडावर चढून फांद्या छाटायच्या, पाल्याचे भारे शेतात पसरायचे आणि पावसाआधी ते भाजायचे. त्या राखेत भाताची रोपं होतात. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्ष गेलं. मी खालच्या फांद्या छाटल्या. उंच ऐनाच्या झाडावर चढायला घरात माणूस नव्हतं. आईचा दम वाढला होता. शेजारपाजारच्यांना मी दोनदा विचारलं, ते म्हणाले, बघू.

आणि अशात राजेसाहेबांच्या शिकारीचा बेत आला. वरच्या गावाच्याही वर पठार आहे, तिथं दोन दिवसांचा मुक्काम, आणि सगळ्या खोऱ्यातल्या पाटलांनी तिथं मुजऱ्याला यायचं. मोटार नदीपर्यंतच येई. तिथून पुढचं सामान खालच्या गावानं डोक्यावरून आमच्या शिवेला आणलं. त्यांनी अजून शपथ घेतली नव्हती. तंबू, खुर्च्या, तेच तांब्याचं घंगाळ, आणि तांबड्या अलवानात बांधलेली राजेसाहेबांची बैठकीची गादी. सगळं आंब्याखाली मांडून त्यांनी घाम पुसला. बंदोबस्ताला आलेले मामलेदार म्हणाले, पुढं चला. तेव्हा त्यांच्यातला एकजण हात जोडून म्हणाला, "सायेब, आमची शीव सरली," आणि सगळे परत गेले. ते राजाच्या बाजूचे होते, पण शीव ती शीव.

आमच्या बावीस घरांची माणसं थोड्या वरच्या अंगाला जांभळीखाली बसून पाहत होती. मामलेदारांनी आधी दटावलं, मग समजावलं, मग मजुरी देऊ केली. कुणी उठलं नाही. आमचे पाटील आदल्या दिवशीच मेहुण्याच्या लग्नाला निघून गेले होते. शिपाई सहा होते, पण त्यांच्या अंगावर पट्टा होता, आणि पट्टा घातलेला माणूस डोक्यावर ओझं घेत नाही. तशी त्यांची पण रीत होती. दुपारी एक शेळी गादीवर चढून निवांत बसली. शिपायानं तिला हाकललं, ती पुन्हा आली. जांभळीखाली कुणी हसलं नाही, पण सगळे तिकडंच पाहत होते.

मामलेदार तसे वाईट गृहस्थ नव्हते. पन्नाशीचे, स्थूल, दर थोड्या वेळानं टोपी काढून टक्कल पुसायचे. परवा राजेसाहेब येणार, पाटील जमणार, आणि बसायला गादी नसणार. हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं आणि मी ते हिरड्याच्या व्यापाऱ्याच्या तोंडासारखं वाचत होते. मी खाली उतरले.

"सायेब, म्या उचलते."

"भागे, त्वांड आवर," वरून तात्या म्हणाले.

"तुमी भंडारा उचललाय, तुमी आवरा. आमचं घर मोकळं हाय."

मामलेदारांनी मला नीट पाहून घेतलं. "कोणाची तू?"

"कोठडीत घातलाय त्या इठूची ल्येक."

"काय काय उचलशील?"

"गादी. घरटी एक वझं."

मला वाटतं, एकानं उचललं की बाकीचे उचलतील असा त्यांचा हिशेब असावा. "आणि तुला काय हवं?"

"माजा आबा."

ते हसले. "अगं, त्यानं माफी लिहून द्यावी, आत्ता सुटेल."

"माफीवर सुटायचं असतं तर कवाच सुटला असता. मंग म्या तुमच्याकडं कशापायी आले?"

मग पेटी उघडून त्यांनी कागद काढला, चिठ्ठी लिहिली, शिक्का मारला आणि शिपायाला द्यायला हात पुढं केला. मी म्हटलं, बघू. त्यांनी सहज माझ्या हातात दिली, शिक्का बघायला. मी मोठ्यानं वाचायला लागले, आणि 'सदर इसमाने माफी मागितल्यावरून' इथं थांबले. "एवडं खोडा," मी म्हटलं.

"तुला वाचता येतं?"

"तुमच्याच शाळंत शिकले."

त्यांनी दुसरा कागद घेतला. या वेळी फक्त 'मुक्त करावे' एवढंच लिहिलं. मग मी सांगितलं की आबा इथं येऊन उभे राहिले की मगच गादी हलेल. ते चिडले. "माझ्यावर विश्वास नाही?"

"तुमचा माज्यावर असंल तर तुमी आदी सोडा. माजा बसंल मंग."

"ठीक. पण शब्द दे."

"दिला. आबा आला की गादी डोक्यावर घीन आन् रीतीपरमानं पोचवीन."

रीत कोणती ते त्यांनी विचारलं नाही. वरच्या शिवेचा विचार माझ्या मनात तेव्हाच होता का? होता. एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन कलताना आबा नदीकडून वर आले. दाढी वाढलेली, डोक्याला काही नाही, पाय आधीपेक्षा जास्त ओढत होते. ते येतायत असं दिसल्यावर जांभळीखालचे सगळे उभे राहिले. धोंडूतात्या पुढं झाले आणि म्हणाले, "ये इठू. तुज्या पोरीनं तुला इकत घेतला बग."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "खरं?"

"व्हय."

"माफी?"

"न्हाई. चिठ्ठी म्या वाचलीया."

त्यांनी गादीकडे पाहिलं, मग वाडीकडे. "मंग आता ऱ्हाऊ दे. म्या जातो, भंडारा उचलतो. आपलं घर बी बांदलं जाईल. तुला उचलायला नको."

"शबूद दिलाय, आबा."

"राजाच्या मानसाला?"

"मानूस कुनाचा का असंना. तुमी तीन म्हैनं कोठडीत कशापायी बसला हुता? शबदापायीच ना?"

हे मी फार मोठ्यानं बोलले. सगळ्यांनी ऐकलं. कोठडीतून सुटून आलेल्या बापाशी पहिल्याच भेटीत असं बोललेली मुलगी खोऱ्यात दुसरी नसेल. मी चुंबळ केली, दोन शिपायांनी गादी वर उचलून दिली, त्या कामाला त्यांच्या पट्ट्याची हरकत नव्हती, आणि मी चालायला लागले.

घंगाळ परवडलं, असं वाटलं. गादी पुढं-मागं लोंबत होती आणि अलवानाची कड डोळ्यांवर येत होती, त्यामुळं मला फक्त माझे पाय दिसत होते. बाकीचं कानांनीच कळलं. पुढं शिपायाच्या जोड्यांचा आवाज. वाडीतून जाताना दारात बसलेल्या बाया आत जात होत्या, एकेक दार कुरकुरत लागत होतं. शिवी कुणी दिली नाही. दिली असती तर मी गादी टाकून भांडले असते आणि ते सोपं गेलं असतं. मागून एक पाऊल धड आणि एक ओढलेलं, असा आवाज शेवटपर्यंत येत होता.

वरच्या शिवेवर शेंदूर फासलेला धोंडा आहे आणि करवंदीची जाळी. तिथं मी गादी उतरवली. घ्यायला कुणी आलेलं नव्हतं. वरच्या गावाची माणसं पलीकडच्या उतारावर बसली होती.

"चल, पुढं चल," शिपाई म्हणाला.

"शीव सरली."

"अगं, पठार ते काय, समोर दिसतंय."

"दिसतंय की. त्यांच्या हद्दीत हाय."

त्यानं छडी उचलली. आबा मध्ये येऊन उभे राहिले, नुसते. शिपाई थोडा वेळ आमच्याकडे, थोडा वेळ पठाराकडे बघत राहिला आणि मग मामलेदारांना सांगायला खाली पळाला.

मामलेदार आले तेव्हा त्यांचा सदरा भिजला होता. गादी वरच्या शिवेवर, बाकी सगळं खालच्या शिवेवर, आणि मुक्काम दोन्हींपासून लांब. सगळं ध्यानात यायला त्यांना थोडा वेळ लागला. मला वाटलं होतं, मारतील. त्यांनी पाणी मागितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी राजेसाहेबांची मोटार नदीपर्यंत आली. आम्ही आमच्या शेतात राब पसरत होतो, आबा ऐनावर होते, दुखऱ्या पायानं. खाली भोंगा वाजला, मग बराच वेळ काही नाही. नदीकाठी गाडी वळवायला जागा थोडी होती. ती पुढं मागं, पुढं मागं करत असल्याचा आवाज वरपर्यंत येत होता. शेवटी तो आवाज रस्त्याला लागला आणि कमी होत गेला. राजेसाहेबांना मी त्याआधी दसऱ्याच्या मिरवणुकीत एकदा पाहिलं होतं, हत्तीच्या मानानं ते लहान दिसत होते. त्यांच्यावर माझा राग नव्हता, आजही नाही.

पुढं खालच्या गावानंही भंडारा उचलला. मग वेल्ह्याकडून तशाच बातम्या येऊ लागल्या, की अमक्या शिवेवर तंबू पडून आहेत, तमक्या शिवेवर खाटा. अंमलदार फिरतीवर निघेनात, आणि जिथं अंमलदार जात नाही तिथं राज्य आहे हे आठवण्याचं कारण राहत नाही. इंग्रज गेल्यावर काही महिन्यांनी संस्थान विलीन झालं. त्या दिवशी मी भोरच्या बाजारात तांदूळ घेऊन बसले होते. गुलाल उडाला, कचेरीवरचा झेंडा उतरला, दुसरा चढला. आत कारकून तेच होते. वकिलांचं भाषण झालं. त्यात धामणवाडीच्या शिवेची गोष्ट होती, शेळीसकट. गादी वरच्या शिवेला कशी गेली ते त्यात नव्हतं.

काही वर्षांनी गिरणीच्या परवान्यासाठी कचेरीत गेले तर समोर तेच मामलेदार, आता नव्या सरकारचे. त्यांनी मला ओळखलं. "त्या दिवशी शीव किती लांब आहे ते सांगितलं असतंस तर?" म्हणाले.

"तुमी इचारलं न्हाई. एवडी वर्सं तुमचं सामान जात हुतं, कसं जातं ते कवा तरी इचारलं?"

त्यांनी टक्कल पुसलं आणि सही केली. वाडीनं मात्र सही केली नाही. गादी उचलली त्या वर्षीच्या पावसाळ्यात आमच्या लावणीला एकही माणूस आलं नाही, आम्हीही कुणाकडे गेलो नाही. आबांनी भंडारा उचलायला देवळात पाऊल टाकलं तर तात्या म्हणाले, आता काय उपेग. आम्ही तिघांनी लावणी केली, आणि जो भात आला तो वाडीत कुणी उसना घेईना म्हणून मी डोक्यावरून भोरला नेला. तिथून माझा धंदा सुरू झाला. हे त्यांचे उपकार म्हणायचे असतील तर म्हणा, मी म्हणणार नाही. पाटीच्या दिवशी मी सरपंचाला म्हटलं, माझं नाव नको, आबांचं घाला, वेठ पहिल्यांदा कुणी नाकारली ते सगळ्यांना माहीत आहे. तो धोंडूतात्यांचा नातू. अदबीनं बोलला. "आजी, ज्यांनी भंडारा उचलला त्यांचीच नावं घ्यायचं ठरलंय." आबांना जाऊन तेव्हा तीस वर्षं झाली होती.

त्या दिवशी शिपाई खाली पळाल्यापासून मामलेदार वर येईपर्यंत बराच वेळ गेला होता. वरच्या शिवेवर आम्ही दोघंच. आबा माझ्याकडे पाठ करून करवंदीशी उभे होते. माझी मान अवघडून गेली होती. टेकायला तिथं काही नव्हतं. धोंडा देवाचा, खाली सगळे काटे. मी अलवान सोडलं आणि गादीवर बसले. आबांनी वळून पाहिलं. आता ओरडतील, असं वाटलं. ते बघत राहिले.

"मऊ हाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाई. आतला कापूस गोळा झालाय. गठुळी टोचत्यात."

ते हसले नाहीत. "सर तिकडं," म्हणाले, आणि दुखरा पाय लांब करून माझ्या शेजारी बसले.